बॅटरी कोण खातंय

१० नोव्हेंबर, सोमवार

आज गाडी सुरू झाली नाही. किल्ली फिरवली, एकदा खोकल्यासारखा आवाज झाला आणि संपलं. दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. तेवढ्यात वरच्या खिडक्यांतून, जिन्यातून, दुधाच्या पिशव्या हातात धरून अर्धी सोसायटी सल्ला द्यायला हजर. कसबा बावड्यात माणसांना कामं नाहीत, मतं मात्र भरपूर.

सोसायटीचे चेअरमन हंबीरराव आपली भली मोठी जीप घेऊन आले. त्यांचा इथे ऊस आहे, गोठा आहे आणि आवाज आहे. हा माणूस कानाशी बोलला तरी नदीपलीकडच्या शिये गावात ऐकू जातं.

"काय साहेब, घोडं बसलं व्हय?"

"बॅटरी उतरली आहे."

"उतरणारच की! गाडी फिरवायची असती. तुम्ही नुसती पुसतासा."

वायर जोडून गाडी सुरू करून दिली, हे मान्य. आभारही मानले. त्याची शिक्षा म्हणून त्यांच्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरची कथा ऐकावी लागली.

कालिंदी, म्हणजे आमची सौ., शेजारी उभी होती. 'रिक्षानं जाऊ या' एवढंच म्हणाली. तिचा उजवा कान लहानपणच्या तापात गेला आणि डावाही आता साथ सोडायला लागलाय. मला प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागतं. या घरात दोनदा म्हणण्याच्या लायकीचं बोलणारा मी एकटाच, त्यामुळे दमतोही मीच.

१२ नोव्हेंबर

कागलच्या एमआयडीसीत, फाउंड्रीच्या तपासणी विभागात माझं आयुष्य गेलं. ओतीव माल पुढे आला की उचलायचा, बघायचा, ठोकून ऐकायचा आणि पास किंवा रिजेक्ट ठरवायचं. आत पोकळी असलेला तुकडा मला नुसत्या आवाजावरून कळतो. माणसंही कळतात.

शिवाजी पेठेतला गुंडू, गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो, पायरीवर बसून चहा पीत होता. बघताक्षणी मी मनात शिक्का मारला. रिजेक्ट. दुकानात हत्यारांपेक्षा त्याच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे फोटो जास्त.

"पावणं, कालची मॅच बघितलासा?"

"गाडीची बॅटरी उतरते. कशानं उतरते ते शोधायचं आहे."

"शोधायचं काय त्यात? नवी टाकूया."

"कारण न शोधता?"

"नवी टाकली की कारण गप बसतंय की."

हे त्याचं शास्त्र. मीही मूर्खासारखी नवी बॅटरी टाकून घेतली, कारण दुकानापुढे रहदारी तुंबली होती आणि मागचा रिक्षावाला माझ्या सात पिढ्या काढत होता.

१८ नोव्हेंबर

नवी बॅटरीही उतरली! भाजी आणायला निघालो आणि पुन्हा तोच खोकला. पुन्हा हंबीरराव, पुन्हा जीप. या वेळी त्यांच्या मातोश्री आक्काही गॅलरीतून बघत होत्या.

गुंडूला फोन केला. म्हणाला, "मागचा क्यामेरा खात असंल." मग म्हणाला, "न्हाईतर हॉर्न." अंदाजांचा बाजार मांडून बसलाय. उभी गाडी बॅटरी खाते याचा अर्थ एकच, कुठून तरी वीज वाहते आहे. जिथून वाहते तिथे ती मोजता येते. वीज कधी खोटं बोलत नाही. मी स्वतः मोजणार आहे. कालिंदीला दोनदा सांगितलं.

"दुपारी पण मोजणार का?" तिनं विचारलं.

"कारण सापडेपर्यंत मोजणार."

"दुपारी तुम्ही झोपत असता."

माझ्या झोपेची काळजी. बायकांना मुद्दा कुठे आणि काळजी कुठे, याचा कधी मेळ घालता आला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर खाली होतो. बॅटरीची वायर सोडवली, मध्ये मीटर लावला, दारं बंद केली, गाडीतली सगळी यंत्रं झोपी जाईपर्यंत थांबलो. मीटरवर किरकोळ आकडा. घड्याळ आणि कुलूप जिवंत ठेवायला लागतो, तेवढाच. तरीही एकेक फ्यूज काढून पाहिला. कॅमेरा निर्दोष, हॉर्न निर्दोष. गाडीत काहीही बिघाड नाही, हे मी पुराव्यानिशी लिहून ठेवतो. बिघाड गुंडूच्या डोक्यात आहे.

कालिंदी तीनदा चहा घेऊन आली. जिना उतरून एवढा चहा तिनं मला नोकरीच्या दिवसांतही दिला नव्हता. प्रत्येक वेळी विचारत होती, "झालं का?" शेवटी तिला म्हटलं, तू आपली भजनाला जा. दुपारी मी झोपलो की ती आक्कांकडे भजनाला जाते. म्हणाली, आज नको.

सोमवारी आणि मंगळवारीही दुपारी पहारा ठेवणार आहे.

२६ नोव्हेंबर

महत्त्वाचा निष्कर्ष. मी पहारा केला त्या तिन्ही दिवशी बॅटरी ठणठणीत. आज दुपारी झोपलो आणि संध्याकाळी मोजली तर पडलेली. म्हणजे वीज खाणारी गोष्ट गाडीत नाही. ती गाडीत येऊन बसते. तिला दोन पाय आहेत.

सगळे पुरावे तपासले. ड्रायव्हरची सीट मी ठेवतो त्यापेक्षा पुढे सरकवलेली. म्हणजे माणूस बुटका. सीटखाली वेलदोड्याची सालं. काचेला आतून वाफ धरल्याचे डाग, म्हणजे बराच वेळ काचा लावून बसलेला.

आमचा वॉचमन गणपतराव बुटका आहे. तो तंबाखू खातो, पण वास लपवायला वर वेलदोडा चघळत असणार. गाडी धुवायला म्हणून कालिंदी त्याला स्वयंपाकघरातली जादा किल्ली देते. दुपारी सगळे झोपले की साहेब माझ्या गाडीत बसून गाणी ऐकतात. सगळं जुळलं.

जिन्यात आक्का भेटल्या. बरं दिसावं म्हणून म्हटलं, तुमचं भजन रोज चालतं हे कौतुकाचं आहे. म्हणाल्या, "रोज? आमच्यात शनवारीच असतंय की." वय झालं की दिवसांचा हिशेब राहत नाही. वाईट वाटलं.

रात्री जेवताना कालिंदी म्हणाली, "सांगलीला थंडी जास्त असेल नाही?"

मी भाकरी मोडली. सांगलीला ऋता राहते. आमची मुलगी. मी शोधलेलं स्थळ, पुण्याचा इंजिनिअर, स्वतःचा फ्लॅट. दोन वर्षांत सोडून आली. कारण काय, तर तो बोलू देत नाही. तेव्हाच मी सांगितलं की इथे यायचं नाही. तीही आली नाही. हट्टी. कुणावर गेली आहे कोण जाणे. तेव्हापासून या घरात सांगली हा विषय नाही आणि या वहीतही नको.

३० नोव्हेंबर, रविवार

सोसायटीची बैठक. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये हंबीरराव. पाण्याच्या टाकीवरून बायकांचं भांडण संपल्यावर मी उभा राहिलो आणि मुद्देसूद मांडलं. मोजमाप, सीट, वेलदोडा, किल्ली.

गणपतराव भिंतीला टेकून उभा होता. हातातली टोपी गोल गोल फिरवत म्हणाला, "साहेब, म्या तुमच्या गाडीला फडकं सोडून काय लावलं असंल तर हात झडूदेत माझं."

"शपथा नकोत. मीटर शपथ घेत नाही."

"मग काय म्हणणं हाय तुमचं?" हंबीररावांनी विचारलं.

"दुसरा वॉचमन बघा. हेच म्हणणं."

 आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून आमची सौ. उठली. सभेत ती कधी तोंड उघडत नाही.

"गणपतरावांचा काही संबंध नाही," म्हणाली. "गाडीत मी बसते."

"तू? कशाला?"

"बसते."

सगळे खाली बघायला लागले. हंबीरराव तर स्वतःच्या चपलेकडे असे बघत होते जणू ती आजच विकत आणली आहे. त्यांनी बैठक गुंडाळली.

घरी आल्यावर मी तिला स्पष्ट सांगितलं. एका वॉचमनची नोकरी वाचवण्यासाठी नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं, याला दया म्हणत नाहीत. आणि खोटं बोलायचंच तर नीट बोलावं. बंद गाडीत बाई माणूस दुपारी एकटं बसून काय करणार? कुणाला पटेल?

"तुम्हाला नाही पटत ना," ती म्हणाली, "मग राहू दे." आणि कोथिंबीर निवडायला बसली.

३ डिसेंबर

प्रश्न मुळापासून सोडवला. बॅटरीच्या वायरीवर तोडणारं बटण बसवलं. त्याला छोटी किल्ली आहे. किल्ली काढली की गाडीत दिवासुद्धा लागत नाही. किल्ली माझ्या खिशात.

गणपतराव काम सोडून गेला. त्याला कुणी काढलं नव्हतं. हंबीरराव म्हणाले, "चोर म्हणवून घेऊन राखण करायची न्हाई म्हणला. साखर कारखान्याच्या गेटावर लागलाय." एवढा मान होता तर आधीच सरळ वागायचं. नवा वॉचमन आला आहे. तो दिवसा झोपतो, पण निदान स्वतःच्या खुर्चीत झोपतो.

७ डिसेंबर

बॅटरी अजून भरलेली. हंबीररावांना मुद्दाम बोलावून मीटर दाखवला. "व्हय, दिसतंय की," म्हणाले आणि निघून गेले. कौतुक करायलाही अक्कल लागते.

घरात मात्र काही ठीक नाही. आमटीत मीठ नाही, भाकरी एका बाजूनं करपलेली. आज दुपारी जाग आली तर कालिंदी घरात नव्हती. गच्चीच्या जिन्यावर बसली होती, मोबाइल डाव्या कानाशी दाबून धरलेला. मला बघून फोन पदराखाली घेतला.

"कोण होतं?"

"कुणी नाही. ऐकूच आलं नाही काही."

मग संध्याकाळी विचारते, "ते बटण काढता येईल का हो?"

"कशाला?"

"असंच."

विजेतलं तिला काय कळतं? मी नाही म्हटलं. दोनदा.

११ डिसेंबर, गुरुवार

जयसिंगपूरला कालिंदीच्या मावसभावाची वास्तुशांत. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, एकीमागे एक, मागे ना लाल दिवा ना लाज. हातकणंगल्यात कालिंदी पेढे घ्यायला उतरली. पर्स सीटवरच ठेवून गेली. मी इंजिन चालू ठेवून बसलो.

गाडीच्या पडद्यावर फोन वाजला. गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या माणसानं आमचे दोघांचे मोबाइल गाडीला जोडून दिले होते. मी ते कधी वापरलं नाही. पडद्यावर नाव आलं. ऋता.

मी तो बंद करायला गेलो. स्टिअरिंगवरचं बटण दाबलं. चुकीचं दाबलं गेलं.

"आई! उचललास एकदाचा. बसलीस गाडीत?"

चारी बाजूंनी आवाज आला. दारांतून, मागून, पायाखालून. एवढा मोठा आवाज, गाडीबाहेरचा माणूसही वळून बघेल. मी काच वर घेतली.

"किती दिवस झाले गं नीट बोलून. जिन्यातून तुला माझं कळत नाही, मला तुझं कळत नाही. बाबांनी ते बटण काढलं वाटतं? की किल्ली चोरलीस?" हसली. "आई, तू त्यांची नक्कल केलीस ना, 'वीज कधी खोटं बोलत नाही', मला काल ऑफिसात ते आठवलं आणि हसूच आवरेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीटर घेऊन बसलेत आणि तू चहा नेऊन नेऊन दमलीस! बोल की. ऐकू येत नाहीये का? थांब, मोठ्यानं बोलते."

आणि ती मोठ्यानं बोलायला लागली. आईशी बोलताना सगळे बोलतात तसं, एकेक शब्द सुटा करून.

"तारीख मिळाली. मंगळवार. मिरजेत. गाठ काढणार, मग तपासायला पाठवणार. घाबरू नकोस. ऑफिसातली मोना येणार आहे बरोबर. तुला जमलं तर ये, बसनं ये. नाही जमलं तरी चालेल. आणि बाबांना सांगू नकोस. ते म्हणतील, माल मुळातच रिजेक्ट होता."

मी फोन तोडायचं बटण शोधत होतो. सगळी सारखीच दिसत होती.

"आई? रडतेस का गं? श्वास ऐकू येतोय मला. नको ना. अगं, साधी असेल गाठ. आई."

मी रडत नव्हतो. एसीचा आवाज असेल. तिनं आणखी दोनदा 'आई' म्हटलं आणि फोन ठेवला.

कालिंदी पेढे घेऊन आली. बसताना तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "फोन आला होता का माझा?"

"कर्ज हवंय का, म्हणत होते."

वास्तुशांतीचा मसालेभात कच्चा होता. घराच्या भिंतीला आत्ताच ओल आहे. मी मावसभावाला दाखवून दिली. त्यालाही आवडलं नाही.

१२ डिसेंबर

लिहिण्यासारखं काही नाही.

दुपारी झोप आली नाही. वीज खोटं बोलत नाही हे मी म्हणतो, पण नक्कल करण्याइतक्या वेळा म्हणतो का? आणि कालिंदीला नक्कल येते हे मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्यासमोर तिनं कधी कुणाची केली नाही.

ऋता हसते तेव्हा शेवटी तिचा श्वास अडकतो. शाळेत असतानाही अडकायचा.

१३ डिसेंबर

बॅटरीवरचं बटण काढून टाकलं. माल हलका होता, स्क्रू दहाच दिवसांत सैल पडले. आजकाल कुणालाच धड वस्तू करता येत नाही.

हात पुसत होतो तर हंबीरराव आले. मी त्यांना सरळ विचारलं, "आमच्या घरातून गाडीत जाऊन बसतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या सोसायटीला ठावं हाय की, साहेब. वैनी रोज दुपारी काचा लावून लेकीसंगं बोलायच्या. आमची आक्का वरनं बघायची. म्हणायची, आज वैनी हसल्या, आज डोळं पुसलं."

"मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"वैनी बोलल्या की. तुम्हांस्नी पटलं न्हाई." मग त्यांच्या मानानं हळू म्हणाले, "गणपा पण जाणून हुता. घरातली गोष्ट म्हणून गप ऱ्हायला. तुम्ही त्यालाच धरलासा."

एवढ्या लोकांना एवढी मोठी गोष्ट माहीत आणि कुणाच्या तोंडून अवाक्षर नाही. याच लोकांना मी बडबडे म्हणत होतो. तरीही हंबीररावांचा आवाज मोठाच आहे.

संध्याकाळी कारखान्याकडून गाडी नेली. गेटावर गणपतराव ट्रॅक्टर आत सोडत होता. मी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली. त्यानं पाहिलं. मग तोंड फिरवून पुढच्या ट्रॅक्टरला शिट्टी मारली. मागून हॉर्न वाजायला लागले. मी निघालो.

१५ डिसेंबर, सोमवार

दुपारी झोपल्यासारखा पडून होतो. कालिंदी हळूच दार ओढून खाली गेली. मी गॅलरीतून पाहिलं. गाडीत बसली, सीट पुढे घेतली. किल्ली फिरवली तेव्हा गाडीतला दिवा लागला आणि ती दचकली. काचा वर घेऊन बराच वेळ फोनवर बोलली. मग वर बघितलं. मी मागे सरलो, पण पोट गेलं नाही मागे वेळेवर.

वर आली. कपाट उघडून पिशवी भरू लागली. एक साडी, टॉवेल, तुपाची बरणी.

"सकाळी लवकर निघू," मी म्हटलं. "मिरजेत गाडी लावायला जागा मिळत नाही."

ती वळली. मी पुन्हा म्हणणार होतो, पण तिला पहिल्यांदाच ऐकू गेलं होतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मंगळवार नाही का उद्या?"

"अहो, कुणी सांगितलं?"

"ऋतानं."

ती पलंगावर बसली. तुपाची बरणी मांडीवर. "तो कर्जवाल्याचा फोन," म्हणाली, "तो तुम्ही घेतलात."

"चुकून घेतला."

"मग चार दिवस गप्प कसे राहिलात?"

 मी म्हटलं, तूप नेऊ नकोस, दवाखान्यात चालत नाही. तिनं बरणी पिशवीत आणखी खोल घातली.

१६ डिसेंबर, मंगळवार

मिरज. दवाखान्याच्या खुर्च्या अशा बनवल्या आहेत की बसणारा माणूसही आजारी पडावा. कॅन्टीनचा चहा म्हणजे गरम पाण्याला दिलेली शिक्षा. भिंतीवरचं घड्याळ मागे आहे. मी दोघांना सांगितलं, कुणाला पर्वा नाही. लिफ्ट बंद, लिफ्टवरचा माणूस मात्र हजर. ऑपरेशनच्या खोलीबाहेरचा दिवा एका बाजूनं गेलेला आहे. इथे माणसं जीव हातात देतात आणि यांना एक दिवा बदलता येत नाही.

मी हे सगळं कालिंदीला सांगत होतो. दोनदा. तेव्हा ती माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्हाला भीती वाटत असेल तर तसं म्हणा. नावं ठेवू नका."

ऋताच्या ऑफिसातली ती मोना समोर बसली होती. तिनं मोबाइलमध्ये तोंड घातलं.

मी म्हटलं नाही. पण नावं ठेवणं थांबवलं.

दुपारनंतर भेटायला सोडलं. कालिंदी आत गेली. मी दारात. ऋता वाळली आहे. हाताला सुई, ओठ कोरडे. आईकडे बघून हसली, मग तिच्या खांद्यावरून मी दिसलो. हसू गेलं. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

नर्स आली. "एकच जण थांबायचं. कोण थांबणार?"

"मी थांबतो," मी म्हटलं. माझ्या तोंडून कसं गेलं कळलं नाही. "हिला रात्री हाक मारली तर ऐकू येत नाही."

"आई थांबेल," ऋता भिंतीला म्हणाली.

"अगं, तिला..."

"मी मोठ्यानं हाक मारीन."

मी खाली आलो. परत एकट्यानं गाडी चालवली. रस्ताभर रेडिओ लावला नाही. घरी येऊन दूध तापवलं, तेही उतू गेलं.

१८ डिसेंबर

तपासणीचा निकाल आला. गाठ साधी आहे.

कालिंदीनं फोनवर सांगितलं. मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. मग मी आणखी एकदा विचारलं. म्हणाली, "आता तुमच्या कानाला काय झालं?"

नवा वॉचमन खाली घोरत होता. त्याला उठवून चहाला पैसे दिले. का, ते त्यानंही विचारलं नाही.

१९ डिसेंबर

कालिंदीचा फोन. उद्या सोडणार आहेत. सांगलीच्या खोलीवर ऋताला बघायला कुणी नाही, म्हणून ती तिला घरी आणणार आहे.

'आणू का?' असं विचारलं नाही. 'आणणार आहे' म्हणाली. 'गाडी घेऊन या' म्हणाली. मागच्या खोलीतलं माझं टेबल, मीटर, हत्यारं, सगळं हलवायला सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा हुकूम आला आहे आणि तो एवढा लांबलचक.

टेबल हलवलं. खोली झाडली. गादी उन्हात टाकली तर हंबीररावांनी खालून विचारलं, "पोरगी येत्या व्हय?" सबंध बावड्याला कळलं. सबंध बावड्याला आधीच माहीत असणार, म्हणा.

२० डिसेंबर, शनिवार

गाडीत दोघी मागे बसल्या. मी आरशातून बघत होतो. ऋतानं डोळे मिटले होते. खड्डा आला की तोंड आवळायची. मी एवढी हळू गाडी चालवली की एका उसाच्या ट्रॉलीनं मला मागे टाकलं. ट्रॉलीवाला वळून हसला. आयुष्यात एवढा अपमान झाला नव्हता. मी आणखी हळू चालवली.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. कालिंदी पिशव्या घेऊन पुढे गेली, आत दिवे लावले. ऋता पोट धरून एकेक पायरी चढून आली आणि दारात थांबली. आत पाऊल टाकेना. मी मागे, हातात तिची बॅग.

"बाबा," ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. "तुम्ही यायचं नाही म्हणाला होता. ते मी विसरले नाही. मी आईसाठी आले आहे. टाके निघाले की जाणार."

जिन्यात वरच्या मजल्यावरचं कुणीतरी थबकलं, कान देऊन. मला बरंच बोलता आलं असतं. मी गाडीत तयारी केली होती. चांगली वाक्यं होती, मुद्देसूद. त्यातलं एकही सापडलं नाही.

"दारात उभी राहू नकोस," मी म्हटलं. "डास आत येतात."

ती हसली. तिला हसायचं नव्हतं, पण हसली. श्वास अडकला, टाके ओढले गेले आणि ती "आई गं" म्हणून भिंतीला टेकली. आतून कालिंदी धावत आली. या वेळी तिला बरोबर ऐकू गेलं.

"काय केलंत तिला?" माझ्यावर ओरडली. "अहो, उभे काय राहिलात? धरा तिला!"

मी बॅग खाली ठेवली आणि धरलं. तिनं हात झटकला नाही. दार उघडंच राहिलं. घरभर डास झाले आहेत.